उलटं पोहणं

"फी सोडून विचारतोय मी," शार्दूल म्हणाला. "फी मला ठाऊक आहे. विमा, डॉक्टरचा दाखला, दरवर्षी परवान्याचं नूतनीकरण, सगळं ठाऊक आहे. त्याच्यावर आणखी काय खर्च येतो?"

स्कूबा शिकवणारे बस्त्याव मास्तर उत्तर द्यायच्या भानगडीत पडले नाहीत. त्यांनी पायाजवळचा ओल्या सूटांचा ढीग त्याच्याकडे सरकवला.

"आधी हे उलटे कर. सकाळी कॉलेजची सहल इल्ली. नाक धरून कर."

शार्दूलने सूट उलटे केले. पहिल्यांदाच पाण्याखाली जाणारा माणूस घाबरला की अंगातल्या रबरी सूटमध्ये काय करून बसतो, हे स्कूबाच्या कुठल्याही जाहिरातीत छापलेलं नसतं. ते धुणाऱ्यालाच कळतं.

पुण्याची चांगली पगाराची नोकरी सोडून शार्दूल देवस्थळी मालवणला आला होता. त्याला स्कूबा इन्स्ट्रक्टर व्हायचं होतं. पाण्यात तो देखणा होता, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं, त्याचं स्वतःचं तर मुळीच नाही. हात न हलवता, नुसत्या श्वासावर तो खडकापाशी तरंगत राहायचा. मासेसुद्धा त्याला बिचकत नसत.

पण नोकरी त्याने त्यासाठी सोडली नव्हती. काही वर्षांपूर्वी सुट्टीत तो पहिल्यांदा पाण्याखाली गेला, आणि डोक्यात सतत चाललेला गलका एकदम बंद झाला. ती शांतता त्याला परत परत हवी होती. रोज हवी होती. जिथे ती मिळते तिथेच पोट भरायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं. घरच्यांनी वेड्यात काढलं, तरी.

आणखी एक हौस होती. व्हेल शार्क बघायचा, पांढऱ्या ठिपक्यांचा, जगातला सगळ्यात मोठा मासा. या बाजूला कधीमधी येतो, असं मच्छीमार सांगत. प्रत्येक बुडीत शार्दूलची एक नजर निळ्या पाण्याच्या दिशेला लागलेली असायची.

मोसमाच्या शेवटी बाहेरून परीक्षक येणार होते. पण परीक्षेला कुणाला बसवायचं, हे मास्तरांच्या हातात होतं. त्यांनी नाही म्हटलं की सगळं मुसळ केरात आणि शार्दूल पुन्हा पुण्यात.

"मास्तर, मी खर्च विचारला होता."

"ऐकलंय मी."

मास्तर सिलिंडर भरायला निघून गेले.

मास्तरांनी त्याची पहिली चाचणी घेतली ती कुमुदिनी हिरेमठ यांच्यावर.

त्या सोलापूरच्या निवृत्त मुख्याध्यापिका. होडीत पाय ठेवताच म्हणाल्या, "मॅडम-बिडम नको हं. बाई म्हणा. अख्खं सोलापूर म्हणतं." मग त्यांनी होडीवाल्याला नीट बसायला लावलं, मास्तरांच्या शर्टाचं तुटलेलं बटण दाखवून दिलं आणि शार्दूलला विचारलं, "तुम्ही शिकवणार? बघू या."

पाण्यात उतरल्यावर मात्र बाईंचा आवाज गेला. शार्दूलच्या दंडाला त्यांनी अशी मिठी मारली की वळ उठले.

दोन पुरुष खोल गेल्यावर खडक लागला. शार्दूल बाईंचं कोपर धरून त्यांच्या बाजूने पोहत होता. मास्तर मागे राहून बघत होते. सगळं झकास चाललं होतं.

तेवढ्यात कासव आलं.

खडकाआडून निघून ते अगदी जवळून, संथपणे चाललं. शार्दूलने बाईंचं कोपर सोडलं, कासवाकडे बोट दाखवलं आणि तो बघत राहिला. दोन श्वास. फार तर तीन.

वळून पाहिलं तर मास्तरांनी बाईंना छातीशी धरलं होतं. बाईंच्या मास्कमध्ये पाणी शिरलं होतं आणि त्या तोंडातली नळी ओढून काढायच्या बेतात होत्या. मास्तरांनी एका हाताने ती नळी तोंडातच दाबून धरली होती. दुसऱ्या हाताने ते त्यांना सावकाश, अगदी सावकाश, वर नेत होते.

होडीत बाई बराच वेळ खोकल्या. नाकातून, डोळ्यांतून पाणी. मग म्हणाल्या, "दिसलं नाही मला ते. पुन्हा येणार मी." आणि टॉवेल डोक्यावर ओढून त्यांनी तोंड फिरवलं.

संध्याकाळी मास्तरांनी विचारलं, "कासव कसा होता?"

शार्दूलचा चेहरा उजळला. पाठीवर डावीकडे जुना ओरखडा होता. कडेला शिंपल्या चिकटलेल्या. मागचा एक पाय जरा आखूड, बहुतेक जाळ्यात सापडला असावा. आणि मान वळवून त्याने पाहिलं तेव्हा...

"आणि बायचे डोळे कसे होते?"

"मास्तर, तेव्हा मी..."

"घाबारले होते? हसत होते? मिटलेले होते?"

ते त्याने पाहिलेच नव्हते. लाजेने त्याचे कान तापले.

"बोट तू दाखवलंस," मास्तर म्हणाले, "आणि थंय तूच बगीत रवलंस."

"मग मी कुठे बघायचं?"

मास्तरांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"परीक्षेक मी तुका धाडूचंय नाय. उद्यापासून उलटो पव."

उलटं पोहणं म्हणजे असं. शिकणाऱ्याच्या समोर राहायचं, तोंड त्याच्याकडे, पाठ समुद्राकडे, आणि आपण मागे मागे सरकत जायचं. खडक कुठे, प्रवाह कुठला, हे आधी पाहून ध्यानात ठेवायचं. नजर हलवायची नाही. मासा आला तर बोट मागे करायचं, अंदाजाने.

सुरुवातीला शार्दूलचं डोकं खडकावर आपटायचं. होडीवाल्यांना फुकटची करमणूक झाली. ज्याच्या तरंगण्याला सगळे माना डोलवत, तो पाठीने जाऊन कालवांवर आदळतो आणि मांड्या सोलून घेतो, हे पाहायला ते आपली कामं सोडून येत.

हळूहळू जमलं. रोज माणसं येत. कुणाचा श्वास अडखळतोय, कोण हाताने ठीक आहे अशी खूण करतोय पण त्याच्या भुवया वेगळंच सांगतायत, कोण बायकोसमोर शूर होतोय, सगळं त्याला दिसायला लागलं. बुडबुड्यांवरून माणूस ओळखू यायला लागला.

कानात संसर्ग झाला, बरा झाला, पुन्हा झाला. हातांची कातडी पांढरी पडली. घरून फोन आला की त्याला अर्धंच ऐकू यायचं, आणि ते बरंच होतं.

एक दिवस तो सिलिंडर उतरवता उतरवता थांबला.

"मास्तर."

"हं."

"पाण्याखाली गेल्यावर माझ्या डोक्यातला आवाज बंद व्हायचा. त्याच्यासाठीच आलो मी इथे."

"हं."

"आता बंद होत नाही. उलट दुसऱ्यांचेच श्वास ऐकू येतात. रात्री झोपेतसुद्धा." त्याने सिलिंडर छातीशी धरला. "या मोसमात मी एकदाही समुद्र बघितला नाही, मास्तर. रोज त्याच्यात असतो, आणि बघितला नाही."

मास्तर कॉम्प्रेसरचा नट आवळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"परत जावचा आसा पुण्याक?"

"माहीत नाही."

"बरां. माहीत झाला की सांग. तो सिलिंडर हंय ठेव."

शार्दूलला राग आला. रडूही आलं. एवढं मन उघडं केल्यावर माणसाने निदान पाठीवर हात ठेवावा! त्याने सिलिंडर ठेवला आणि खोलीवर जाऊन बॅग भरली. सकाळी ती पुन्हा रिकामी केली, कारण आठ वाजता एक बाप आपल्या मुलीला घेऊन येणार होता आणि ती मुलगी आदल्या दिवशी फक्त शार्दूलचाच हात धरायला तयार झाली होती.

मोसम संपत आला, वारा फिरायची लक्षणं दिसू लागली, तेव्हा हिरेमठबाई खरोखर परत आल्या.

"कासव अर्धं राहिलंय माझं," त्या म्हणाल्या. "मुलांना मी अर्धा धडा कधी सोडू दिला नाही. मला स्वतःला सोडता येईल का?" आवाज खणखणीत होता. पर्सचा बंद मात्र त्या बोटाभोवती गुंडाळत होत्या.

शार्दूलने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "तूच घे तेंका. मी तुझ्या मागसून येतंय."

या वेळी शार्दूलने बाईंचं कोपर धरलं नाही. समोर राहून दोन्ही हातांचे पंजे हातात घेतले आणि उलटा पोहत त्यांना खाली नेलं. खडकापाशी मास्कमध्ये थोडं पाणी मुद्दाम घ्यायला लावून, नाकाने फुंकून ते कसं काढायचं हे बाईंकडून करवून घेतलं. पुन्हा करवून घेतलं. तिसऱ्यांदा बाईंनी न सांगता केलं आणि शाबासकी मागितल्यासारखं पाहिलं. शार्दूलच्या खांद्यामागे मास्तर तरंगत होते, त्यांचंही तोंड बाईंकडेच.

कासव काही आलं नाही.

मग बाईंचे डोळे मोठे झाले.

भीती नव्हती ती. शार्दूलने या मोसमात भीतीच्या सगळ्या तऱ्हा पाहिल्या होत्या. हे वेगळंच होतं. बाई त्याच्या डोक्यावरून मागे कुठेतरी बघत होत्या.

पाण्यात सावली पडली. शार्दूलच्या पाठीला गार पाण्याचा मोठा, सावकाश रेटा लागला, इतका की तो बाईंच्या अंगावर ढकलला गेला.

त्याला कळलं. काय आहे ते त्याला लगेच कळलं. मान वळवायची. एवढंच. एकदा.

पण बाईंच्या तोंडापासून बुडबुडे निघत नव्हते.

आश्चर्याने त्यांचा श्वास छातीतच राहिला होता. आणि त्या वर तरंगायला लागल्या होत्या. छातीत कोंडलेला श्वास घेऊन माणूस वर गेला, तर तो आत फुगतो आणि फुप्फुस फाटतं. शिकवण्याचा पहिलाच नियम आहे तो: श्वास रोखायचा नाही.

शार्दूलने त्यांचे पट्टे धरून त्यांना खाली ओढलं. डोळ्यांसमोर पंजा धरला आणि तोंडापासून बाहेर नेला. सोडा. पुन्हा नेला. सोडा.

पाठीमागचं पाणी अजून हलत होतं. कितीतरी वेळ हलत होतं. केवढा असेल तो!

सोडा, बाई.

बुडबुड्यांचा एक लोट निघाला. मग दुसरा. बाईंनी श्वास घेतला.

शार्दूलच्या पाठीवरचा रेटा गेला. सावलीही गेली. त्याने तरीही वळून पाहिलं नाही, कारण बाई आता मास्कच्या आत रडत होत्या आणि त्यांचा श्वास पुन्हा बिघडला असता.

होडीत चढल्यावर बाईंचं तोंड थांबेना.

"एस.टी.एवढा होता हो! अंगभर पांढरे ठिपके. आणि तोंड... आमच्या शाळेच्या फाटकाएवढं तोंड! तो आपल्याकडे बघतही नव्हता. आपण कुणीच नव्हतो त्याला." त्यांनी शार्दूलचा हात धरला. "तुम्ही पाहिलात ना? तुमच्या तर पाठीला लागूनच गेला."

"हो, बाई," शार्दूल म्हणाला. "छान होता."

मग तो होडीच्या टोकाला जाऊन बसला. तोंडावर पाणी मारलं, आणखी मारलं. समुद्राचं पाणी खारट असतं, त्यामुळे अशा वेळी ते सोयीचं पडतं.

किनारा जवळ आला तसे मास्तर त्याच्या शेजारी येऊन बसले.

"आयतवारी परीक्षक येतत," मास्तर म्हणाले. "तयार रव."

शार्दूलने मान हलवली. मोसमभर ज्या वाक्याची वाट पाहिली, ते आलं होतं. आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण पाठीवरचा तो रेटा अजून जात नव्हता.

"मास्तर, मी वळलो नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "एवढी वर्षं वाट पाहिली त्याची. पाठीला लागून गेला. आणि मी वळलो नाही."

मग त्याने विचारलं, "तुम्हीही वळला नाहीत ना? तुमच्याही पाठीमागूनच गेला तो."

मास्तर किनाऱ्याकडे बघत होते.

"केवढो होतो?" त्यांनी विचारलं.

शार्दूल रागाने त्यांच्याकडे बघत राहिला. पाहिलाच नाही म्हणून रडणाऱ्याला हे काय विचारणं झालं?

मग त्याचा राग हळूहळू उतरला. त्याने उजवा हात वर केला. अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक जुळवून एक लहानसं वर्तुळ केलं, बाईंच्या उघड्या डोळ्याएवढं.

"एवढा."

मास्तरांनी त्या बोटांकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांनी शार्दूलच्या पाठीवर हात ठेवला.

"माका सगळे तेवढेच दिसले, झिला. जलमभर."