सरकारचंच पत्र

ओहायोतल्या एका गावात कपडे दुरुस्त करून देणाऱ्या कुमुदताई टिपणिसांना सरकारी पत्र आलं: ज्युरीच्या निवडीसाठी कोर्टात हजर राहा, न आलात तर दंड. ताई दुकानाला कुलूप लावून गेल्या.

खटला लूथर नावाच्या सुतारावर होता. पोलिसाला ढकलल्याचा आरोप होता, आणि सिद्ध झाला तर तुरुंग ठरलेला. निकाल बारा नागरिक देणार होते. त्यांचीच निवड चालली होती.

सरकारी वकील ब्रॅडफर्ड यांचा तोरा मोठा. ते ताईंपुढे येऊन म्हणाले, "मॅडम, सरकारने सहा महिने कसून चौकशी केली आहे. एवढं मोठं सरकार निर्दोष माणसाला उगाच इथे उभं करेल, असं वाटतं तुम्हाला?"

लूथरने मान खाली घातली.

ताईंनी पर्समधून पत्र काढलं. "साहेब, हेही सरकारचंच. सरकारला स्वतःची इतकी खात्री असती, तर माझं दुकान बंद करायला लावून मला इथे कशाला बोलावलं असतं?"

न्यायाधीशबाईंनी हसू लपवायला पाण्याचा पेला तोंडाला लावला.

कारण न सांगता काही जणांना वगळायचा हक्क वकिलाला असतो. ब्रॅडफर्डनी तो लगेच वापरला. ताई उठल्या आणि त्यांच्या खुर्चीवर एक ट्रकचालक येऊन बसला. ब्रॅडफर्ड तोंड उघडणार, तोच त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला.

"मलाही हेच आलंय," तो म्हणाला.

लूथरने मान वर करून मागे पाहिलं. बाकांवर आणखी चाळीस जण बसले होते, आणि प्रत्येकाच्या हातात तेच पत्र होतं.