शंखातली वाट

"पण चूक कुठं आहे, तेवढं तरी सांगा!"

अप्पा वाकडे खिळे दगडावर ठेवून सरळ करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"चूक हाय असं कोण म्हणालं?"

"मग तीन गवंडी काम सोडून का गेले?"

"त्यांना इचार की."

हेरंब शिंत्रेचं ते विचारून झालं होतं. पहिला म्हणाला, या छपरावर कौलं बसत नाहीत. दुसरा म्हणाला, लाकूड एवढं वळत नाही. तिसरा काहीच म्हणाला नाही. थापी आणि ओळंबा पिशवीत टाकून जेवायला म्हणून गेला, तो गेलाच.

अप्पा आमच्या आजरा भागातले नावाजलेले गवंडी. सत्तरी उलटल्यावर नदीकाठच्या मठात येऊन राहिले. त्यांनी भगवं नेसलं नाही की माळ घातली नाही. तरी लोक त्यांच्याकडे अडलेल्या कामाचं विचारायला येत आणि पुष्कळदा भलतंच काही ऐकून परत जात. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. त्या दिवशी भेटायला म्हणून गेलो होतो आणि हे सगळं पाहायला मिळालं.

हेरंब पुण्यात भूमिती शिकवायचा. माणूस हुशार, त्यात वाद नाही. पण ही गोष्ट तो स्वतःही कधी विसरत नसे. चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून तो गावच्या माळावर घर बांधायला आला. आजवर कुणी बांधलं नसेल असं घर. आणि ही चार वर्षं त्याची बायको सुनीती आणि आई आक्का त्या घराशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये राहत होत्या.

दोघी आज बरोबर आल्या होत्या. पारावर बसल्या होत्या, शेजारी दोन भरलेल्या पिशव्या. पाचच्या गाडीनं आम्ही पुण्याला परत जातो, असं सुनीतीनं त्याला सकाळीच सांगितलं होतं. शांतपणे सांगितलं होतं, म्हणून त्याला जास्त लागलं होतं. अप्पांनी एकदा 'घर बरोबर आहे' म्हटलं, एखादा गवंडी मिळवून दिला, की या दोघी थांबतील, एवढ्या आशेवर तो तिथं आला होता.

त्यानं खिशातून एक शंख काढून अप्पांपुढे ठेवला.

"हे बघा. असं आहे माझं घर. एकच भिंत, बाहेरून आत वळत वळत जाणारी. कोपरा नाही. निसर्गात कुठं कोपरा असतो का?"

अप्पांनी शंख उचलला. उलटा केला. एक डोळा मिटून आत पाहिलं.

"रिकामा हाय."

"रिकामाच असणार. आतला जीव गेल्यावरच किनाऱ्याला लागतो."

"हं..."

अप्पांनी शंख दगडाशेजारी ठेवला.

"चौकटीची पूजा कुणी केली?"

आमच्याकडे भिंत उठायच्या आधी दाराची चौकट उभी करतात. घरची बाई तिला हळदकुंकू लावते, आंब्याचा डहाळा बांधते, आणि मग गवंडी चौकटीच्या दोन्ही अंगांनी भिंत चढवत जातो. 

"चौकट नाहीच," हेरंब म्हणाला. "शंखाला कुठं दार असतं? बाहेर एक तोंड आहे, तिथून आत आलं की वाट आपोआप नेते."

"कोण कुठं ऱ्हायचं?"

"तोंडाजवळ स्वयंपाकघर. अगदी आत, मध्यावर, आक्काची खोली. मुद्दाम तिथं ठेवली. सगळ्यात जपलेली जागा."

हे सांगताना त्याचा आवाज जरा हळवा झाला. आईवर त्याचा जीव होता, हे खोटं नव्हतं.

अप्पा उठले. मठातून चुन्याच्या फक्कीचा डबा आणला आणि त्याच्या हातात दिला.

"आख."

"इथं? अंगणात?"

"मावंल तेवढं आख."

हेरंबनं आखलं. हात वाखाणण्यासारखा होता. दोरी नाही, खुंटी नाही, तरी रेष कुठं डगमगली नाही. पाहता पाहता शेणानं सारवलेल्या अंगणावर पांढरा शुभ्र शंख उमटला. मी गवंडी आहे, मला चांगल्या रेषेची पारख आहे. क्षणभर मलाही वाटलं, उगाच अडवतायत याला.

"आक्का," अप्पा म्हणाले, "जावा तुमच्या खोलीत. पोरी, तू तुझ्या सैपाकघरात."

सुनीती शंखाच्या तोंडापाशी, मठाच्या पाण्याच्या घागरीजवळ जाऊन उभी राहिली. आक्का काठी टेकत निघाल्या. हेरंबनं दाखवलेल्या वाटेनं वळत वळत मध्यावर पोचल्या. मी मठातलं स्टूल आणून ठेवलं, त्यावर गुडघे धरूनच बसल्या.

"खाट कुठं लावू रे?"

"भिंतीला, आक्का."

"वाकड्या भिंतीला सरळ खाट कशी लागंल?"

हेरंब हसला. "वाकडी खाट करून घेऊ."

अप्पा पुन्हा खिळे ठोकू लागले. उन्हात बसून आक्कांना कोरड पडली असावी. त्यांना खोकला आला.

"सुनीती, पाणी दे गं."

सुनीतीनं घागरीतून तांब्या भरला आणि सरळ सासूकडे निघाली.

"अगं, अगं! भिंत आहे तिथं!"

हेरंब इतक्या जोरात ओरडला की तिचा उचललेला पाय तसाच राहिला. रेघेच्या वर, अधांतरी.

तिनं पाय मागे घेतला.

"मग कुठून जाऊ?"

त्यानं बोटानं वाट दाखवली. पार पलीकडून, वळसा घेऊन.

ती निघाली. रेघेच्या कडेकडेनं. पहिल्या वळणावर ती आक्कांच्या अगदी जवळून गेली. मध्ये फक्त चुन्याच्या रेघा. आक्कांनी हात पुढे केला.

"इथनंच दे की गं."

सुनीती थांबली. तिनं हेरंबकडे पाहिलं. तो रेघेकडेच बघत होता.

"भिंत आहे, आक्का," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. आक्कांचा हात पुढे आला आणि खाली गेला. मला बघवेना. मी नदीकडे तोंड फिरवलं.

शेवटी ती पोचली. आक्का घटाघटा प्यायल्या, तोंड पदरानं पुसलं.

"रातचं खोकला आला तर हाक तरी ऐकू जाईल का रे हिला?" त्यांनी विचारलं. तक्रार म्हणून नाही, खरोखरच विचारलं.

हेरंब घाईनं म्हणाला, "सवय होईल, आक्का. पहिल्यांदा वेगळं वाटतं. शंखात असंच असतं."

सुनीतीनं तांब्या खाली ठेवला. आली त्याच वाटेनं, सगळे वळसे घेत बाहेर गेली. पारावरच्या पिशव्या उचलल्या.

"चला, आक्का. चार वाजून गेले."

ठक... ठक... अप्पांचा खिळा सरळ होत होता. मग तो आवाजही थांबला.

"हेरंबा."

"अं?"

अप्पांनी दगडाशेजारचा शंख उचलून त्याच्यापुढे धरला.

"ह्यात ऱ्हात किती जण हुते?"

हेरंबनं शंख हातात घेतला. अप्पांसारखाच एक डोळा मिटून आत पाहिलं.

"एकच," तो शेवटी म्हणाला.

अप्पा सुनीतीकडे वळले.

"जा मग, पोरी. गाडी चुकंल."

आक्का स्टुलावरून उठल्या. काठी सावरली. बाहेर पडायचं तर पुन्हा ते सगळे वळसे होते. त्या रेघेच्या कडेनं चालू लागल्या. अंगणात नुसता चुना पसरला होता, पाऊल टाकलं असतं तरी कुणी अडवलं नसतं. पण लेकाची भिंत आहे म्हणून म्हातारी ती ओलांडत नव्हती. चार पावलं गेल्या आणि गुडघा धरून उभ्या राहिल्या. पुन्हा एक पाऊल, पुन्हा उभ्या.

हेरंबनं शंख खिशात टाकला. तो धावतच गेला, आईपुढे उकिडवा बसला आणि दोन्ही तळव्यांनी रेघ पुसू लागला. शेणाचं सारवण निघालं तरी पुसत राहिला.

"आक्का, इथून ये."

आक्कांनी काठी पुढे टेकली आणि पाऊल टाकलं. त्याच्यापुढची रेघही त्यानं पुसली. आणखी एक पाऊल. तिसरी रेघ पुसली तेव्हा पलीकडे सुनीती उभी होती.

तिनं आक्कांचा हात धरायला एक पिशवी खाली ठेवली. दुसरी तिच्या हातातच होती.

हेरंब जमिनीवर तसाच बसून होता. इतकी सुरेख आखणी, तिच्या मधोमध आरपार वाट पडली होती. त्यानं मागे वळून पाहिलं.

"अप्पा... आता हा शंख राहिला नाही."

अप्पांनी पुढचा खिळा दगडावर ठेवला.

हेरंब उठला. चुन्यानं पांढरे झालेले हात झटकत घागरीकडे निघाला.

"हात मागनं धू," अप्पा म्हणाले. "आधी त्या वाटंच्या चौकटीचं माप घे."