मनोऱ्याच्या शेंड्यावरची कावळी

एका गावाबाहेरच्या टेकडीवर रेडिओ आणि टीव्हीचा उंचच उंच लोखंडी मनोरा होता, आणि त्याच्या पार शेंड्याला एक कावळी राहत असे. मुलांनो, तिचा तोरा काय सांगावा. जिल्ह्याच्या साऱ्या बातम्या आपल्या पायांखालून निघतात, तेव्हा आपल्याइतकं जाणतं कोणी नाही, असं तिने मनाशी पक्कं धरलं होतं. खरं तर तो मनोरा तिच्याशी चकार शब्द बोलत नसे. पण हे कबूल कोण करणार?

वैशाख लागला तशी तिने काटक्या आणि तारांचे तुकडे आणून मनोऱ्यावरच घरटं बांधलं. खाली चौकीदाराच्या खोलीच्या आढ्यावर एक खार राहत असे. चौकीदार रोज सकाळी रेडिओ लावी आणि खार मुकाट्याने ऐके. एके सकाळी ती धापा टाकत वर आली. "कावळेताई, आत्ताच बातमी लागली. पलीकडच्या डोंगरावर नवा मनोरा झालाय, हा महिनाअखेरीला पाडणार. अजून अंडी घातली नाहीस, तोवर आंब्यावर नवं घरटं बांध."

कावळीला हसू आवरेना. "अगं खारूबाई, बातमी इथून खाली जाते. खालून वर कधी आलीये का? तसं असतं तर आधी मलाच कळलं असतं. जा, शेंगा फोड आपल्या."

खार बिचारी आल्या वाटेने उतरली. कावळीने चार अंडी घातली आणि ती ऐटीत उबवायला बसली.

महिना संपता संपता दोर घेऊन माणसं वर चढली. दरवर्षीसारखी रंग द्यायला आली असतील, असं तिला वाटलं. इतक्यात शेंड्याचा तुकडा कापला गेला आणि दोरांना लटकून कलंडला. घरटं सुटलं. एकामागून एक चारही अंडी खालच्या दगडांवर फुटली. जिथे तिचं घर होतं त्या रिकाम्या आभाळात कावळी नुसती घिरट्या घालत राहिली.

संध्याकाळी ती खोलीच्या पत्र्यावर सुन्न बसली होती. आत रेडिओ सांगत होता, "टेकडीवरील जुना मनोरा पाडण्यास आज सुरुवात झाली. याची सूचना महिनाभर दिली जात होती."

"महिनाभर?" कावळीने विचारलं.

"रोज सकाळी," खार हळूच म्हणाली. "याच मनोऱ्यावरून."

तात्पर्य : उंच जागी बसल्याने कोणी जाणतं होत नाही, सांगणारा लहान असला तरी त्याचं ऐकून घ्यावं.