पांढऱ्या दगडावरची सावली

फार पूर्वी एका माळावर, भर दुपारी, बाभळीची सावली काळ्या दगडावर आली, तरी साळुंकीने डोळे उघडले नाहीत. टिटवीने मान उंचावून बाभळीकडे पाहिलं.

दुपारी सगळी पाखरं बाभळीवर झोपत. टिटवीची अंडी मात्र खाली उघड्या जमिनीवर. म्हणून तिनेच प्रत्येकाला एकेक दगड नेमून दिला होता. सावली ज्याच्या दगडावर येईल त्याने जागं होऊन पहारा द्यायचा, बाकीच्यांनी खुशाल झोपायचं. उन्हाळाभर हे सुरळीत चाललं. काल तिने भीतभीत एवढंच विचारलं, "या युक्तीला माझं नाव द्याल का?"

"यात तुझं काय गं?" कावळा हसला. "सावली सरकते हे जुनंच, पहारा देणंही जुनंच. दोन्ही जोडायला काय मोठी अक्कल लागते? कुणालाही सुचलं असतं!"

"मग एवढं काय पाळायचं ते!" असं म्हणून साळुंकी आज झोपूनच राहिली.

आणि नेमकं आजच गवतातून मुंगूस आलं. टिटवी ओरडली. बाभळीवर कुणी हललं नाही. ती पंख पसरून अंड्यांपुढे उभी राहिली आणि पुन्हा ओरडली. पुढचा पांढरा दगड कावळ्याचा होता. तो कशाला उठेल? मुंगूस अगदी जवळ आलं, तेवढ्यात सावली पांढऱ्या दगडाला टेकली.

"आलो गं, आलो!" वरून कावळा मुंगसावर झेपावला. "तू नेमलेल्या दगडावर सावली आली, मग झोपतो कसा?"