तवा निवडायचा, पण हात लावायचा नाही!

तीन विजेचे तवे. त्यांतला एक निवडायचा. पण तव्याला हात लावायचा नाही, आणि खायची कोणतीही वस्तू त्यावर टाकायची नाही!

ही अट रावसाहेब तावऱ्यांची. फलटण नाक्यावर त्यांचं मोठं हॉटेल. थालीपिठाला सकाळी आठपासून गर्दी. गॅसची शेगडी काढून विजेचा तवा बसवायचा, असं त्यांच्या मनात आलं. विक्रेत्याने तीन तवे आणून मांडले. रावसाहेबांनी लगेच चकचकीत तव्याकडे बोट केलं.

"हा!"

थालीपिठं लावणारी इठाबाई म्हणाली, "आधी तापवून बघा, रावसाहेब. नुसते कपडे बघून कुणी जावई करत नाही."

गिऱ्हाईकं हसली. रावसाहेब लाल झाले.

"मग तूच निवड! पीठ लावून कुणीही सांगेल. हात न लावता, खायचं काही न टाकता सांग. चुकलीस तर उद्यापासून तुझ्या जागी दुसरी बाई!"

इठाबाईच्या घरात कमावणारी ती एकटी. तरी तिने पदर खोचला.

"तिन्ही चालू करा."

चकचकीत तवा आणि पातळ तवा पाच मिनिटांत तापले. तिसरा काळा, जाड. त्याला पंधरा मिनिटं लागली. विक्रेता जांभया देत बसला.

इठाबाईने तांब्या घेतला आणि चकचकीत तव्यावर पाणी शिंपडलं.

"अट मोडली!" रावसाहेब ओरडले.

"पाणी खातात होय? पितात!"

तव्याच्या मधले थेंब तडतड नाचत होते. कडेचे नुसते बसून होते.

"मधलं थालीपीठ करपणार, कडेचं कच्चं राहणार. कच्चं कुणाला वाढू? तुम्हाला?"

चकचकीत तवा बाद झाला.

उरलेल्या दोन्ही तव्यांवर थेंब सगळीकडे सारखे नाचले. विक्रेता सरसावला. "बाई, हा पातळ घ्या. वजनाला हलका, तापायला चलाख!"

इठाबाईने दोन मोठी फडकी भिजवली.

"आता हे काय?" रावसाहेबांनी विचारलं.

"फडकं. हे तरी कुणी खात नाही ना?"

"तुमच्या कालच्या पोळीवरून सांगता येत नाही!" मागून एक गिऱ्हाईक बोललं.

"कालची पोळी मालकांच्या मेहुण्याने केली होती!" इठाबाईने तिथल्या तिथे परतवलं.

तिने चिमट्याने दोन्ही तव्यांवर फडकी पसरली. वाफेचा लोट उठला. "वीस ओली थालीपिठं एकदम पडली असं समजा." थोड्या वेळाने फडकी उचलून तिने पुन्हा पाणी शिंपडलं.

पातळ तव्यावर थेंब मेल्यासारखे पडून राहिले. काळ्या तव्यावर पहिल्यासारखेच नाचले.

"पातळ तव्याचा जीव एका घाण्यात गेला. दुसरा घाणा कशावर भाजू? काळा तवा घ्या."

रावसाहेबांना हार मानवेना. ते कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"पण हा पंधरा मिनिटं तापतो! दारात गिऱ्हाईक आल्यावर मी काय त्याला तव्याची आरती ओवाळायला लावू? याचं उत्तर दे, नाहीतर तुझी जागा गेली!"

विक्रेता गालात हसला.

इठाबाईने चिमटा खाली ठेवला.

"तवा गिऱ्हाईकाच्या आधी जागा करायचा, रावसाहेब. गिऱ्हाईक आल्यावर उठायला तो काय मालक आहे?"

सगळ्यांनी रावसाहेबांकडे पाहिलं. रावसाहेब रोज नऊला उठतात, हे नाक्यावरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं!

आणि रावसाहेबच हसले. इतके हसले की त्यांना खुर्ची धरावी लागली.

"काळा तवा बसवा रे! इठाबाई, आजपासून स्वयंपाकघर तुझं. पगार दीडपट. आणि मला आत यायचं असेल, तर तुला विचारून येईन!"