बोंडीची पट्टी उकळेना

बाळांनो, हात धुतलेत का? दोन्ही? तळवे, पाठ आणि बोटांच्या फटीसुद्धा? मग बसा. आता ऐका.

सागाच्या रानात एक शाळा होती. त्या शाळेत आजाऱ्याची सेवा शिकवत. नाडी कशी पाहावी, ताप कसा बघावा, जखम कशी बांधावी, हे सारे तेथे शिकवत. शिकवायला बगळीबाई होत्या. बाई पांढऱ्याशुभ्र. बाई एका पायावर उभ्या राहत. बोलत थोडे, पाहत फार.

त्या शाळेत बोंडी नावाची एक उंदरीण शिकत होती. बोंडी इवलीशी. कापसाच्या बोंडाएवढी. चाले तुरु तुरु, तुरु तुरु.

आज बोंडीला पहिला रुग्ण मिळाला होता. त्याचे नाव भुरू. भुरू म्हणजे सशाचे पिल्लू. करवंदीच्या जाळीत त्याचा पाय फाटला होता.

शाळेची एक रीत होती. आपल्या रुग्णाची पट्टी आपणच उकळायची. एका रुग्णाला एक पट्टी. बोंडीने पट्टी उकळली होती. वाळवली होती. दोरीवर पट्टी स्वच्छ लोंबत होती.

प्रार्थनेची वेळ झाली. सर्वांनी हात जोडले. सर्वांनी डोळे मिटले.

काजळ्याने मिटले नाहीत.

काजळ्या म्हणजे कावळा. तोही त्याच शाळेत शिकत होता. पिकलेली उंबरे खाऊन तो उशिरा आला होता. चोच चिकट होती. धुवायला पाणी होते. पण दोन पावले जायचा त्याला कंटाळा आला. समोर बोंडीची पट्टी लोंबत होती.

पुस्स! पुस्स! काजळ्याने पट्टीला चोच पुसली.

देवाने पाहिले. बोंडीनेही पाहिले, पण डोळे उघडल्यावर.

"अरे काजळ्या, काय केलेस हे? माझी पट्टी मळली!"

"काव काव! एवढासा तर डाग. उलटी करून बांध. कुणाला कळते?"

आणि काजळ्या उडून गेला. भुर्र!

बोंडीचे नाक थरथरले. ती बाईंकडे गेली. बाईंनी पट्टी पाहिली. डाग पाहिला.

"ही जखमेला चालणार नाही," बाई म्हणाल्या. "पुन्हा उकळून आण. दुसरी पट्टी नाही."

"आणि भुरू?"

"भुरूची जखम उघडी आहे. माशा येतील. जखमेवर माशी बसली तर जखम चिघळेल. मी पंखाने वारते. पण माझा पंख दमायच्या आत ये."

फडफड, फडफड. बाई वारू लागल्या. बोंडीने पट्टी शेपटीवर घेतली आणि निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

वाटेत पातेले भेटले. पितळेचे, मोठ्या पोटाचे.

"पातेलोबा, पातेलोबा, तापता का?
पट्टी निर्मळ होईना,
भुरूची जखम उघडी!"

"खण खण!" पातेले म्हणाले. "पोटात पाणी आहे. पण गार आहे. मी आपोआप कसा तापू? आधी चूल पेटू दे. मग मी तापतो."

बोंडी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. चुलीपाशी आली. चूल राखेत निजली होती.

"चूलताई, चूलताई, पेटता का?
पातेले तापेना,
पट्टी निर्मळ होईना,
भुरूची जखम उघडी!"

"फूऽऽ!" चूल म्हणाली. "माझ्या पोटात राखच राख. राख का पेटते? आधी चिंचेला काटक्या देऊ दे. मग मी पेटते."

बोंडी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. चिंचेखाली आली. चिंच म्हातारी आणि उंच.

"चिंचमावशी, चिंचमावशी, काटक्या देता का?
चूल पेटेना,
पातेले तापेना,
पट्टी निर्मळ होईना,
भुरूची जखम उघडी!"

"सळसळ!" चिंच म्हणाली. "बघ बाई माझ्या पायाशी. आहे का एक तरी काटकी? सगळ्या काजळ्याने नेल्या. माझ्याच शेंड्यावर घरटे बांधले. काजळ्याला घरटे सोडू दे. मग मी काटक्या देते."

बोंडीने वर पाहिले. घरटे केवढे मोठे! त्यात काजळ्या पाय पसरून बसला होता. बोंडीला त्याच्याशी बोलायचे नव्हते. पण भुरूची जखम उघडी होती. ती बुंध्यावरून चढली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"काजळ्या, काजळ्या, घरटे सोडतोस का?
चिंच काटक्या देईना,
चूल पेटेना,
पातेले तापेना,
पट्टी निर्मळ होईना,
भुरूची जखम उघडी!"

"काव काव! बोंडीबाई आल्या! या, या. पट्टी शेपटीला का बांधलीत? शेपटी दुखते वाटते?"

"थट्टा नको, काजळ्या. पट्टी तू मळवलीस. काटक्या दे."

"घरटे मोडू? माझे? एका फडक्यासाठी? वारा आला आणि घरटे पडले, तर घे हवे तर. पण वारा आहे कुठे? किती दिवसांत पान हलले नाही. काव काव! वारा सुटू दे. मग घरटे सुटेल."

बोंडी खाली उतरली. दूरवरून आवाज आला. फड... फड. बाईंचा पंख आता हळू हलत होता.

बोंडी धावली. तुरु तुरु तुरु तुरु. डोंगरात एक खिंड होती. खिंडीच्या पलीकडे वारा राहत असे. बोंडी खिंडीपाशी आली. फटीतून हाक मारली.

"वारेमामा, वारेमामा, सुटता का?
कावळा घरटे सोडेना,
चिंच काटक्या देईना,
चूल पेटेना,
पातेले तापेना,
पट्टी निर्मळ होईना,
भुरूची जखम उघडी!"

"हुऽऽऽ!" वारा आतून म्हणाला. "मला का हौस आहे कोंडून बसायची? खिंडीत हत्तीण आडवी पडली आहे. वाट बंद. फटीतून फुंकर जाते, वारा जात नाही. हत्तीण उठू दे. मग मी सुटतो."

बोंडीने मान वर केली. तिला डोंगर वाटला होता. तो डोंगर नव्हता. ती हत्तीण होती.

हत्तीण डाव्या कुशीवर पडली होती. डोळे मिटलेले. सोंड मातीत. बोंडी तिच्या कानाशी गेली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"हत्तीणआजी, हत्तीणआजी, उठता का?
वारा सुटेना,
कावळा घरटे सोडेना,
चिंच काटक्या देईना,
चूल पेटेना,
पातेले तापेना,
पट्टी निर्मळ होईना,
भुरूची जखम उघडी!"

"उठले असते गं," हत्तीण म्हणाली. "पण कूस वळत नाही. कूस वळू दे. मग मी उठते."

बोंडी थांबली. आता कोणाकडे जायचे? कूस कोण वळवील? तिने इकडे पाहिले. तिकडे पाहिले. कोणीच नव्हते.

मग तिला आठवले. कूस वळवायला तर ती शिकली होती. कालच.

"आजी, मी वळवू का तुमची कूस?"

हत्तिणीने एक डोळा उघडला. "तू? अगं, शेंगदाण्याएवढी तू. अस्वल ढकलून गेले. गवा ढकलून गेला. मी हलले नाही."

"मी ढकलणार नाही, आजी. वळाल तुम्ही. मी फक्त सांगेन. कुठे दुखते?"

हत्तिणीने दुसराही डोळा उघडला. मग म्हणाली, "हे कोणी विचारलेच नाही गं. डावा खांदा दुखतो. अंगाखाली दबून बधिर झाला आहे."

"मग खांद्यावर भार घ्यायचा नाही. आधी पाय पोटाशी घ्या."

हत्तिणीने पाय पोटाशी घेतले.

"सोंड पुढे टेका."

हत्तिणीने सोंड पुढे टेकली.

"दुखते का?"

"थोडे."

"मग थांबा. घाई नाही. श्वास घ्या."

घाई तर होती. फार होती. पण रुग्णापुढे घाई दाखवायची नाही, हे बोंडी शिकली होती. तिने आपले शेपूट घट्ट धरले. हत्तिणीने श्वास घेतला. सूंऽऽ. श्वास सोडला. फूंऽऽ.

"आता डुला, आजी. पुढे. मागे. पुढे. मागे. आणि आता पोटावर या. सावकाश."

डुलुक. डुलुक. डुलुक.

हत्तीण पोटावर आली! कूस वळली!

"अगं बाई!" हत्तीण म्हणाली. "देव तुझे भले करो."

कूस वळली, हत्तीण उठली. धम्म!

हत्तीण उठली, वारा सुटला. हुऽऽऽ!

वारा सुटला, फांदी हलली. घरटे सुटले. धपाक!

काजळ्या ओरडला, "माझे घरटे! माझे घरटे!" पण शब्द त्याचाच होता. वारा सुटला होता, घरटे सुटले होते.

घरटे सुटले, चिंचेने काटक्या दिल्या. कडकड!

हत्तीणआजीने सोंडेत काटक्या घेतल्या, चुलीत घातल्या आणि वर पातेले ठेवले. चूल पेटली. भडभड!

चूल पेटली, पातेले तापले. खदखद, खदखद!

पातेले तापले, पट्टी उकळली. डाग गेला. बोंडीने पट्टी चिमट्याने उचलली. हात लावला नाही. वाऱ्याने पट्टी वाळवली. फर्र फर्र!

पट्टी निर्मळ झाली.

बोंडी शाळेत आली. तुरु तुरु तुरु तुरु. बाईंचा एक पंख दमून गेला होता. त्या दुसऱ्या पंखाने वारत होत्या. गूं गूं! माशा आल्या होत्या. जखमेवर अजून एकही बसली नव्हती. आता वारा आला आणि साऱ्या माशा उडून गेल्या.

बोंडीने आधी हात धुतले. तळवे, पाठ, बोटांच्या फटी. मग हात जोडले. मग भुरूला विचारले.

"भुरू, मी तुझा पाय बांधू का?"

"दुखेल?"

"थोडे दुखेल. दुखले तर सांग. मी थांबेन."

बोंडीने पट्टी गुंडाळली. एक फेरा. त्यावर दुसरा फेरा. फार घट्ट नाही, फार सैल नाही.

"आता बोटे हलव पाहू."

भुरूने बोटे हलवली. "हलतात! बघ, सगळी हलतात!"

भुरूची जखम बांधली.

बगळीबाई पुढे आल्या. त्यांनी पट्टी पाहिली. गाठ पाहिली. बोटांचा रंग पाहिला.

"ठीक," बाई म्हणाल्या.

बाई "ठीक" कधी म्हणत नसत. बोंडीचे कान लाल झाले. पहिला रुग्ण नीट बांधला की शाळेत पांढरी टोपी मिळे. बाईंनी ती आणली आणि बोंडीच्या डोक्यावर ठेवली. टोपी कानांपर्यंत आली. पण टोपी बोंडीची होती.

मग काजळ्या आला. पंख विस्कटलेले. चोच अजून चिकट.

"बाई, माझे घरटे जळाले. चुलीत गेले. काव काव!"

"त्यात अंडे होते?"

"नव्हते."

"पिल्लू होते?"

"नव्हते."

"मग सजीव काही जळाले नाही. आता ऐक. पट्टी तू मळवलीस. जखम उघडी राहिली ती तुझ्यामुळे. तुझी चोच धुवायची राहिली, म्हणून एवढी जणे राबली. हत्तीण उठली, वारा सुटला, चिंच, चूल, पातेले, सगळे राबले. मी माझे दोन्ही पंख दमवले."

"चूक झाली, बाई. आता टोपी मला कधी?"

"टोपी नाही," बाई म्हणाल्या. "रुग्णही नाही. उद्यापासून चुलीला काटक्या तू आणायच्या. रोज. सगळ्यांच्या पट्ट्यांसाठी."

काजळ्याने मान खाली घातली.

सारा उन्हाळा काजळ्या काटक्या वेचत राहिला. एकही काटकी त्याला स्वतःसाठी ठेवता आली नाही. इतरांनी आपापले रुग्ण बांधले आणि टोप्या घातल्या. काजळ्या उघड्या फांदीवर निजला, आणि सकाळ झाली की पुन्हा काटक्या वेचायला गेला.