बयाजीचं रोजचं पान

एका गावात एक भोळा बयाजी राहत होता. गावाचं नाव मी सांगणार नाही. त्या गावात आमची धाकटी बहीण दिली आहे, उगाच तिला बोल नको. बयाजी किती भोळा, तर बायकोनं "दुधावर लक्ष ठेवा" म्हटलं की दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत हा लक्ष ठेवायचा. पापणी हलवायचा नाही.

तर ह्या बयाजीनं एका साली कादंबरी लिहायचं मनावर घेतलं. झालं असं, की जत्रेला येणारा तमाशा त्या साली शेजारच्या गावानं पळवला. पंच तोंड पाडून बसले. बयाजी म्हणाला, "मी कादंबरी लिहितो अन् वाचून दाखवतो." पंच हसले. पण दुसरं करायलाही काही नव्हतं. त्यांनी देवळापुढच्या फळ्यावर खडूनं लिहून टाकलं, 'जत्रेच्या संध्याकाळी बयाजीची कादंबरी'.

बयाजीची बायको सगुणा हरखली. तिचे वडील तात्या जावयाला तोंडावर 'जावईबापू' म्हणायचे आणि पाठीमागं 'धोंडा'. ते तिला फार लागायचं. तिनं माहेरी निरोप धाडला, "तात्या, जत्रेला याच. तुमचा जावई काय चीज आहे ते बघा."

बयाजी पतंगे मास्तरांकडं गेला. मास्तर शाळेतून निवृत्त होऊन गावचं वाचनालय चालवायचे. वाचनालय म्हणजे एक खोली, एक लाकडी कपाट आणि त्यात पोटच्या पोरांसारखी जपलेली पुस्तकं.

"मास्तर, कादंबरी कशी लिहितात?"

"नेम धर. रोज एक पान. पान संपल्याशिवाय उठायचं नाही, मग आभाळ कोसळो."

"अन् त्यात लिहू काय?"

"डोळ्यांपुढं दिसेल ते लिही. पुढचं आपोआप येतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बयाजी ओसरीवर बसला. त्याला मोठ्यानं बोलत बोलत लिहायची सवय. "समोर म्हैस आहे," त्यानं लिहिलं. "म्हैस दावं ओढते. दावं तुटलं. म्हैस चालली. म्हैस शिंगटेअण्णांच्या ज्वारीत शिरली. म्हैस खाते. अजून खाते."

मग शिंगटेअण्णाच आले. "अरे बयाजी, तुझी म्हैस माझं पीक खाते, अन् तू बघत बसलास?"

"अण्णा आले. अण्णा ओरडतात," बयाजीनं लिहिलं. "अण्णा, जरा हळू बोला. हात दुखतो."

पान संपेपर्यंत निम्मी ज्वारी म्हशीच्या पोटात गेली होती. अण्णा तणतणत मास्तरांकडं गेले. मास्तरांनी बयाजीला बोलावून घेतलं.

"शहाण्या, असं कुणी ज्वारीच्या बांधावर दिसलं की आधी लेखणी खाली ठेवावी. दावं घेऊन पळावं, धरून आणावं, खुंट्याला बांधावं, पुढ्यात कडबा टाकावा. मग बसावं लिहायला. कळलं?"

"कळलं," बयाजी म्हणाला. त्याला सगळंच कळायचं, हीच तर रड होती.

पुढच्याच आठवड्यात तात्या आले. जत्रेला अवकाश होता, पण जावई खरंच लिहितो की नुसता बोलतो, ते त्यांना बघायचं होतं. ते आले ज्वारीच्या बांधावरून. बयाजीनं लेखणी खाली ठेवली. दावं घेऊन पळाला. तात्यांना धरून आणलं, खुंट्याला बांधलं, पुढ्यात कडबा टाकला आणि मुकाट्यानं लिहायला बसला. "मामा आले. मामांना बांधलं. मामा कडबा खात नाहीत."

सगुणा विहिरीवरून आली तेव्हा तिच्या हातातली घागर सुटली. तिनं बापाला सोडवलं, पाय धरले, रडली. तात्यांच्या मिशा थरथरत होत्या.

"जावईबापू, पाहुणा आला की बांधतात का? पाहुणा आला की गूळपाणी द्यावं. त्याला काय आवडतं ते बघावं, तेच पुढं करावं. राहा चार दिवस म्हणावं. पोट भरल्याशिवाय उठू देऊ नये."

"कळलं, मामा."

तात्या लेकीकडं वळले. "पोरी, मी जत्रेला येईन. त्या दिवशी ह्यानं कादंबरी ऐकवली तर ठीक. नाही ऐकवली, तर तुला घेऊन माघारी जाईन. असल्या घरी मी माझी लेक ठेवणार नाही."

त्या दिवसापासून बयाजी ओसरीवर बसला की सगुणा म्हैस स्वतः सांभाळायची, दार लोटून घ्यायची, कुणाला वाट चुकून येऊ द्यायची नाही. बयाजी रोज पान लिहायचा आणि आतल्या खोलीत कोपऱ्यात नेऊन ठेवायचा. गठ्ठा वाढत चालला. सगुणा लांबूनच त्याला हात जोडायची.

पण पाहुणे दारातूनच येतात थोडेच? एके दिवशी बयाजी पान ठेवायला गेला, तर भिंतीतून मातीची रेघ खाली आलेली. वाळवी. एक नाही, दोन नाही, अख्खं वऱ्हाड.

बयाजीनं लगेच गूळपाणी आणलं. "राहा चार दिवस," तो म्हणाला. वाळवीनं गुळाला तोंड लावलं नाही. बयाजीनं खाली बसून नीट बघितलं. पाहुण्यांना कागद आवडत होता. त्यानं गठ्ठ्यातलं पहिलं पान काढून अदबीनं पुढं केलं. पाहुणे इकडंतिकडं भटकायला लागले, तेव्हा त्यानं समजावलं, "असं नाही चालत. नेम धरा. रोज एक पान. संपल्याशिवाय उठायचं नाही."

वाळवी कामसू निघाली. तिनं नेम धरला आणि हळूहळू वाढवलाही. बयाजीला मोठं कौतुक वाटायचं. आपल्याला एक पान लिहिताना घाम फुटतो, अन् हे पाहुणे बघा.

जत्रेच्या आदल्या दिवशी सगुणानं गठ्ठा पुसायला घेतला. हाताला माती लागली. कादंबरीचं एक अक्षर शिल्लक नव्हतं. ती तिथंच भिंतीला टेकून बसली आणि हमसून हमसून रडली. बयाजीचा जीव कासावीस झाला. बायको रडलेली त्याला बघवायची नाही.

"सगुणा, मी उद्या काय करू, तू सांग. तू म्हणशील ते करतो."

"काय करता आता?" ती पदरात तोंड खुपसून म्हणाली. "ज्यांनी खाल्ली त्यांनाच बसवा स्टेजवर. त्यांनाच सांगू दे."

बयाजीचा चेहरा उजळला. हे त्याला सुचलंच नव्हतं.

जत्रेच्या संध्याकाळी पालखी देवळात आली. गाव जमलं. पहिल्या रांगेत तात्या, शेजारी मास्तर. बायकांत सगुणा, बांधलेलं गाठोडं मांडीवर घेऊन. बयाजी स्टेजवर आला. त्यानं एक टोपली ठेवली, तिच्यात वारुळाची माती आणि थोडी वाळवी. माइक वाकवून टोपलीपुढं केला.

"मंडळी, कादंबरी ह्यांच्या पोटात आहे. चांगली पचलेली आहे. जरा लाजतात, दम धरा."

गाव दम धरून बसलं. टोपली गप्प. बयाजीला आठवलं, आजचं पान राहिलंय. तो तिथंच मांडी घालून, मोठ्यानं बोलत लिहायला लागला. माइक होताच.

"समोर गाव आहे. शिंगटेअण्णा आले. अण्णांच्या ज्वारीत आज म्हैस नाही. मास्तर कपाळाला हात लावून बसले. पहिल्या रांगेत मामा आहेत. मामांना आज बांधलेलं नाही."

आधी अण्णांना हसू फुटलं, मग अख्ख्या गावाला. पंच तर एकमेकांच्या अंगावर पडले. तात्यांनी मिशीआड हसू दाबलं, पण ते काही दबेना. डोळे पुसत ते मागं वळून म्हणाले, "सगुणा, गाठोडं सोड पोरी. असा माणूस एकटा ठेवण्यासारखा नाही. तू इथंच राहा." सगुणानं गाठोडं सोडलं. ती हसत होती आणि रडतही होती.

मास्तरही पोट धरून हसत होते. हसता हसता त्यांनी विचारलं, "अरे बयाजी, टोपलीत एवढीच वाळवी? बाकीची कुठं गेली?"

"मास्तर, कादंबरी संपल्यापासून पाहुणे उपाशी होते. माझ्या घरात लिहिलेलं एक पान उरलं नव्हतं. मग दुपारी तुमच्या पुस्तकांच्या कपाटात नेऊन सोडले. राहा चार दिवस म्हटलं."

मास्तरांचं हसू जागच्या जागी थांबलं.

"काळजी नको," बयाजी म्हणाला. "तुमचाच नेम घालून दिलाय. पान संपल्याशिवाय उठायचं नाही, मग आभाळ कोसळो."

आणि मान खाली घालून त्यानं शेवटची ओळ लिहिली. "मास्तर धोतर सावरत वाचनालयाकडं पळाले."

पान संपलं. बयाजी उठला.